छतावर चढलेला माणूस कोणाचा?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर छताच्या कामाची तीन कोटेशनं पडलेली असतात. दोन जवळपास सारख्या रकमेची, तिसरं वीस-पंचवीस टक्क्यांनी चढं. तिसऱ्याच्या शेवटी एक ओळ असते : काम कंपनीच्या पगारी कामगारांकडूनच होईल, पोटठेका दिला जाणार नाही. सेक्रेटरी ती ओळ वाचून पुढे जातात आणि समोर बसलेल्या माणसाला विचारतात, "पत्रा त्याच कंपनीचा, जाडी तीच, वॉरंटीही तेवढीच. मग तुमचंच एवढं जास्त कशाचं?"

समोर बसलेला माणूस पुष्कळदा मीच असतो. मीटिंगच्या दहा मिनिटांत हे नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी एकोणीस वर्षं छतांची कामं बघतोय. रबाळे-महापेच्या कारखान्यांच्या शेड, ऐरोली-नेरुळच्या सोसायट्यांच्या गच्चीवरचे पत्रे, ठाण्यातल्या जुन्या इमारतींचं वॉटरप्रूफिंग. पहिली सात वर्षं अशा कंपनीत गेली जिथे कंपनीची माणसं म्हणजे दोन इंजिनियर आणि एक अकाउंटंट, बाकी सगळं पेटी ठेकेदारांचं. नंतरची बारा वर्षं जिथे आहे तिथे छतावर चढणारा प्रत्येक माणूस कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर आहे. मी या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने बोलणार आहे आणि माझा पगारही तिथूनच येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पेटी ठेकेदार म्हणजे पोटठेकेदार. तुम्ही कंपनीला काम देता, कंपनी त्यातली मजुरी चौरस फुटाच्या दराने पेटी ठेकेदाराला ठोक देऊन टाकते. तो मुकादमाला देतो. मुकादम सहा-आठ माणसं जमवतो. दोन-तीन त्याच्या गावची, त्यात एखादा खरा मिस्त्री, बाकी सकाळी नाक्यावरून उचललेले बिगारी. आकडे नुसते उदाहरणाचे घेऊ. मजुरीपोटी तुम्ही चौरस फुटाला ४० रुपये मोजलेत, तर पेटी ठेकेदारापर्यंत २८ पोचतात, मुकादमापर्यंत २२, आणि त्या २२ मध्ये त्याला माणसांची हजेरी, जेवण, येणंजाणं भागवून स्वतःचं सोडवायचं असतं. मग त्याच्या हातात एकच गोष्ट उरते. पाच दिवसांचं काम तीन दिवसांत उरकायचं.

यात कोणी लबाड असतो असं मी म्हणत नाही. चांगले पेटी ठेकेदार मी पाहिलेत, काही तर माझ्यापेक्षा छत जास्त ओळखणारे. अडचण माणसात नाही, दर कशावर बांधलाय त्यात आहे. चौरस फूट ही छताची अर्धीच गोष्ट सांगतो. किती पत्रा लागला, किती कोबा झाला, हे फुटात मोजता येतं. पण छत गळणार की नाही हे ज्या कामांवर ठरतं, ती बहुतेक कामं फुटात मोजताच येत नाहीत. ती केली तरी बिल तेवढंच आणि नाही केली तरी तेवढंच.

पत्र्याच्या छतापासून सुरू करतो. रंगीत पत्रा लोखंडी पर्लिनवर, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांवर, स्क्रूने बसवतात. स्क्रूच्या टोपीखाली काळ्या रबराचा वॉशर असतो. पाणी अडवायचं काम स्क्रू करत नाही, तो वॉशर करतो. स्क्रू आवळताना वॉशर किंचित फुगून टोपीच्या कडेला जेमतेम दिसला की हात थांबला पाहिजे. त्याच्या पुढे गेलं की रबर चेपून बाहेर येतं आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं. अलीकडे थांबलं की आट्यांवरून पाणी झिरपतं. स्क्रू तिरका गेला तर वॉशर एका बाजूला दाबला जातो, दुसरी बाजू उघडीच. पाच हजार चौरस फुटांच्या शेडला असे हजार-दीड हजार स्क्रू लागतात. प्रत्येक स्क्रूला दोन सेकंद जास्त दिले की पाऊण तास होतो, आणि वाकडा गेलेला काढून पुन्हा बसवायचा म्हटलं तर आणखी. खालून बघणाऱ्याला हजारही स्क्रू सारखेच दिसतात.

मग कीस. ड्रिलने भोक पाडताना लोखंडाचा बारीक चुरा पत्र्यावर सांडतो. संध्याकाळी उतरण्याआधी तो मऊ कुंच्याने झाडून घ्यायलाच हवा. रात्रीच्या दवाने तो गंजायला लागतो, दोन-तीन दिवसांत पत्र्यावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि पुढे त्या ठिपक्यांखाली रंग आणि जस्ताचा थर खाल्ला जातो. आपल्याकडे खाडीची खारी हवा, त्यात कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे हे फार लवकर होतं. पत्रा ग्राइंडरने कापला तरी तेच. ठिणग्यांनी काठावरचा थर जळतो आणि गंज काठापासून आत शिरतो. कातरीने कापायला वेळ लागतो, म्हणून घाईत ग्राइंडरच हातात येतो. झाडणं किंवा कातर वापरणं असा कॉलम मी कुठल्याच मोजमापाच्या वहीत पाहिलेला नाही.

पत्रे कुठल्या टोकाकडून लावत यायचं, यालाही कारण असतं. आपला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्यावर येतो. म्हणून ईशान्येकडच्या टोकाला सुरुवात करून वारा जिकडून येतो तिकडे सरकत यायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि सांध्याचं तोंड वाऱ्याच्या पाठीला राहतं. उलटं केलं तर वारा पाणी थेट सांध्यात ढकलतो. पण पत्र्यांचा गठ्ठा ज्या टोकाला वर चढवला तिथूनच सुरू करणं सोपं पडतं, नाहीतर तो गच्चीभर वाहून न्यायला आणखी दोन माणसं लागतात. ठोक काम घेतलेला मुकादम ही दोन माणसं कुठून आणणार?

पत्र्याला खाली दाबणाऱ्या वाऱ्यापेक्षा वर उचलणारा वारा जास्त घातक असतो. त्याचा जोर छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त लागतो, त्यामुळे तिथे स्क्रू जवळजवळ मारायचे असतात. भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवसभर छतंच बघत फिरलो. उडालेला पत्रा बहुतेक ठिकाणी मधून सुटला नव्हता, कडेपासून सोलत गेला होता. तिथे मधल्या भागात होते तेवढ्याच अंतरावर स्क्रू होते, एका जागी तर एक पर्लिन सोडून एक.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये हे आणखी उघड दिसतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडे सर्रास करतात. गच्चीचा उतार पाण्याच्या पाइपाकडे असावा लागतो, साधारण शंभर फुटांना एक फूट. कठडा आणि गच्ची जिथे भेटतात तिथे काटकोन न ठेवता सिमेंटचा गोलसर उतार काढतात, त्याला साइटवर वाटा म्हणतात. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिशचे पाय, जिथे जिथे काही उभं आहे तिथे वाटा लागतो. गच्चीचा मोकळा मध्य सहसा गळत नाही. गळतात ते हे सांधे आणि पाइपाची तोंडं. आणि बिल होतं ते मोकळ्या मध्याचं. टाकीच्या मागे दीड फुटाच्या बोळकांडीत पोटावर सरपटत जाऊन वाटा काढायला मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो आणि मोजमापात त्याचे दहा चौरस फूट होतात.

कोबा टाकून झाला की त्यावर वाळूचे छोटे बांध घालून निदान सात दिवस पाणी साठवून ठेवायचं असतं, नाहीतर सिमेंट कच्चं राहून बारीक तडे जातात. या सात दिवसांत नवं काम काहीच नसतं. एक माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन पाणी मारतो, एवढंच. चौरस फुटावर काम घेतलेली टोळी एव्हाना पुढच्या साइटवर गेलेली असते. मग पाणी मारायचं काम सोसायटीच्या वॉचमनकडे येतं. तो दोन दिवस आठवणीने मारतो, तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याशी भांडण्यात त्याची सकाळ जाते.

त्यानंतर पाण्याची चाचणी. पाइपांची तोंडं बंद करायची, गच्चीवर दोन इंच पाणी भरायचं, कठड्यावर खडूने खूण करायची आणि दोन दिवस खालच्या घरांच्या छताकडे बघत राहायचं. ओल आली तर शोधायचं, फोडायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा भरायचं. पगारी माणसांना यात काही गमवायचं नसतं, पुन्हा केलं तरी त्या दिवसाचा पगार आहेच. ठोक घेतलेल्याच्या दृष्टीने ही चाचणी म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे काढणारी गोष्ट. म्हणून ती टळते, नाहीतर चार तासांत उरकते.

पाणी किती येतं याचा अंदाज घ्या. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे चार महिन्यांत सव्वादोन लाख लिटरहून जास्त पाणी. इतक्या पाण्याला सुईएवढी वाट पुरते.

आता जूनबद्दल. छताच्या कामातली चूक त्या दिवशी दिसत नाही. एप्रिलमध्ये केलेल्या कामाचा निकाल जूनमध्ये लागतो, कधी दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये. स्वतःचे कामगार ठेवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि कोटेशनमध्ये ते लिहिता येत नाही.

आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, मला दहा वर्षांनी मोठे, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. नेरुळच्या एका सोसायटीत त्यांनी पत्रे बसवले होते. पहिल्या मोठ्या पावसात फोन आला, दोन ठिकाणी ठिबकतंय. मामा आणि मी दोघंही गेलो. मामांनी पत्र्याखाली उभं राहून वर बघितलं. एका स्क्रूच्या टोकाला थेंब जमत होता, मोठा होत होता, पडत होता. ते पाच-सात थेंब पडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, ही ओळ मी जेवणानंतर मारली होती. ड्रिलचा क्लच मीच वाढवून ठेवला होता, हात दुखत होता म्हणून." क्लच म्हणजे स्क्रू किती जोरात आवळायचा ते ठरवणारी ड्रिलवरची कडी. वरचे चौदा स्क्रू बदलले. त्या दिवसापासून मामा प्रत्येक कामाला पत्र्याच्या तुकड्यावर चार स्क्रू मारून आधी क्लच बघतात, आणि हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवतात.

पेटी ठेक्यात हा थेंब मिस्त्रीला दिसतच नाही. जूनमध्ये तो दुसऱ्या शहरात असतो, किंवा गावी पेरणीला. गळती बघायला जातो तो भलताच माणूस. तो वरून डांबर किंवा सिलिकॉन फासून येतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याला ती कळत नाही, ज्याला कळते तो ते काम करत नाही. मग तोच हात तीच चूक वीस छतांवर करतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो, कारण त्याला कोणी दाखवलंच नाही. आधीच्या नोकरीत सात वर्षं मी गळतीच्या तक्रारी घेतल्या. एकदाही मूळ मिस्त्रीला सोबत नेता आलं नाही. दोन-तीनदा मी मुकादमाला फोन लावला होता, तो नंबर बंद होता.

छताची आठवण ही पण मोठी गोष्ट आहे. कुठल्या कोपऱ्यात पत्रा कमी पडला आणि तुकडा जोडला, कुठल्या पाइपाच्या तोंडाशी जुना कोबा तसाच ठेवला, हे नकाशात नसतं. बसवणाऱ्याच्या डोक्यात असतं. तीन वर्षांनी गळती शोधायला तोच माणूस आला तर थेट त्या कोपऱ्यात जातो. नवा आला तर अर्धी गच्ची खोदतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी नोकरी बदलली ती सांगतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याची शेड होती. जुने सिमेंटचे पत्रे, आणि उजेडासाठी मध्येमध्ये बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे. नवे असताना ते ओळखू येतात. पंधरा वर्षांच्या धुळीने सिमेंट आणि फायबर एकाच राखाडी रंगाचे होतात. पेटी ठेकेदाराच्या टोळीतला एक मुलगा, विशीतला असेल, स्क्रूची पिशवी खांद्यावर घेऊन चालत होता. मी खाली होतो. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. वीस फुटांवरून तो मशीनच्या शेजारी पडला. वाचला. कंबरेचं हाड आणि दोन्ही टाचा गेल्या.

हॉस्पिटलात फॉर्म भरताना नर्सने नाव विचारलं. मुकादम म्हणाला, "छोटू." पूर्ण नाव? त्याला माहीत नव्हतं. चार दिवसांपूर्वीच नाक्यावरून घेतला होता. मला माहीत असायचा प्रश्नच नव्हता, मी त्याला "ए, तो स्क्रूचा डबा दे" एवढंच बोललो होतो. त्याच्या वडिलांचा नंबर त्याच्या फोनमध्ये मिळाला, ते दुसऱ्या दिवशी मराठवाड्यातून आले. कंपनीने सांगितलं, हा आमच्या मस्टरवर नाही. ते खरंच होतं. पेटी ठेकेदाराने थोडे पैसे दिले आणि आठवड्याने फोन उचलायचा बंद केला. त्या वडिलांना मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेलं पाहिलंय आणि त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

कायदा काय म्हणतो हे मी नंतर वाचलं. "आमच्या मस्टरवर नाही" हे उत्तर कायद्याला मान्य नाही. एखाद्या धंद्याने स्वतःच्या धंद्याचंच काम दुसऱ्याला ठेक्याने दिलं आणि त्यात कामगाराला अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मूळ धंद्यावर येते. नंतर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करायची मुभा त्याला आहे, पण कामगाराला थांबवून ठेवता येत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात हे होतं, आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ते तत्त्व आलंय. छताची कंपनी छताचं काम पोटठेक्याने देते तेव्हा ती नेमकी यात बसते. रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो : १९२३ च्या कायद्याच्या तक्त्याप्रमाणे तीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये धरलेल्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या वर जाते. पोटठेका देऊन कंपनी ही जबाबदारी टाळत नाही. ती फक्त कागदावरून दिसेनाशी करते, आणि ज्याला कायदा माहीत नाही असा बाप रिकाम्या हाताने परत जातो.

दिसेनाशी होते ती अशी. ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना, लागू व्हायला १० कामगार लागतात, भविष्य निर्वाह निधीला २०, ठेका कामगारांच्या परवान्याला महाराष्ट्रात ५०. मुकादमाची टोळी आठ जणांची. प्रत्येक कडी मुद्दाम लहान ठेवली की आकडा कुठेच भरत नाही. कायद्याच्या नजरेने मुख्य कंपनीवर जबाबदारी राहतेच, पण ती दाखवायला हजेरीपत्रक लागतं, आणि तेच नसतं.

माणूस मस्टरवर असला की काय बदलतं? महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचा ईएसआय भरला जातो : मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून उपचार, आणि कामावर जाता येत नाही तोवर मजुरीच्या ९० टक्के. वागळे इस्टेटच्या कामगार हॉस्पिटलात कार्ड दाखवलं की नाव, वय, घरचे सगळे कागदावर असतात. ज्या मिस्त्रींचा पगार २१,००० च्या वर गेलाय त्यांच्यासाठी कंपनीला वेगळा भरपाई विमा घ्यावा लागतो.

उंचीवरच्या सुरक्षेलाही पुन्हा तेच चौरस फुटाचं गणित लागू होतं. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, सगळेच देतात, फोटोपुरता का होईना. पण हार्नेस अडकवायला काहीतरी भक्कम लागतं. आधी छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टीलची दोरी ताणून बांधायची, ठिसूळ पत्र्यावर चालायला फळ्या टाकायच्या, पारदर्शक पत्रे खालून बघून वर रंगाने खुणा करायच्या. यात अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसात एक फूटही काम होत नाही. आमच्याकडे हा अर्धा दिवस वेळापत्रकात लिहिलेला असतो. त्या मुलाच्या छतावर तो नव्हता.

मग पंचवीस टक्के जास्त कशाचे, ते आता हिशोबाने बघू. एका कामगाराला महिना १८,००० धरा. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा १५,००० वर १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआयचे ५८५. वर बोनस, ग्रॅच्युइटीची तजवीज, भरपगारी रजा. सगळं मिळून पगाराच्या पाव हिश्शाच्या आसपास किंवा जास्तच जातं. पण खरा भार पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर नवं छत फारसं होत नाही, पगार मात्र बारा महिने. या चार महिन्यांत आमची माणसं गळत्या शोधतात, वर्कशॉपमध्ये कैच्या (छताचे लोखंडी सांगाडे) आणि पन्हळी तयार करतात, मशीनची डागडुजी करतात. तरी हे महिने तोट्याचेच. आठ महिन्यांच्या कामातून बारा महिने काढायचे म्हणून दर चढतो. पेटी ठेक्यात हा खर्च नाहीसा होत नाही, तो कामगाराच्या घरी जातो. पावसाळ्यात त्याची हजेरी बंद, उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर फेडायची.

सगळं स्वतःच्या माणसांनी करावं असंही नाही. क्रेन भाड्यानेच घेतो, ऑपरेटरसकट. गॅसच्या ज्वाळेने चिकटवायच्या डांबरी मेम्ब्रेनचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चादरीचं काम आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदाच येतं, त्याची चांगली टोळी बाहेरून बोलावतो आणि सोसायटीला तसं लेखी कळवतो. मोठ्या बिल्डरच्या साइटवर एकाच वेळी दोनशे माणसं लागतात, तिथे पोटठेका टळत नाही. आणि नुसतं पगारावर ठेवल्याने काम आपोआप चांगलं होत नाही. वर बघणारा नसेल तर पगारी टोळीही सावलीत बसून राहते. त्यात एक खरी गैरसोय तुमची होते. आमची माणसं मोजकी, त्यामुळे मे महिन्यात फोन केलात तर आम्ही नाहीच म्हणतो. पेटी ठेका देणारी कंपनी हो म्हणते, कारण तिला फक्त आणखी एक मुकादम शोधायचा असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात धावतपळत झालेली छतंच जूनमध्ये जास्त गळताना मी पाहिली आहेत.

"आमची स्वतःची टीम" असं हल्ली सगळेच सांगतात. कंपनीचा टी-शर्ट नाक्यावरच्या माणसालाही बसतो. म्हणून विचारा. मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआय भरल्याचं चलान मागा, त्यासोबत कामगारांच्या नावांची यादी येते. काम सुरू होईल त्या दिवशी छतावर जाऊन चार माणसांना नाव विचारा आणि यादीत बघा. ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याला विचारा, "दादा, या कंपनीत किती वर्षं झाली?" करारात एक वाक्य घाला की सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय कामाचा कुठलाही भाग पोटठेक्याने दिला जाणार नाही. दुसरं वाक्य पाणी साठवून चाचणीचं, दिवसांच्या संख्येसकट. तिसरं असं की पहिल्या पावसाळ्यात तक्रार आली तर मूळ मिस्त्री बघायला येईल. या तिसऱ्या वाक्यावर समोरचा किती वेळ घेतो ते बघा.

तीन कोटेशनं समोर असतील तर रकमेच्या आधी हे सगळं विचारून घ्या. फोन मात्र लवकर करा. गणपती झाले की माप घ्यायला येता येतं. ऑक्टोबरमध्ये वरचा भाग वाळलेला असतो पण गळतीच्या ओलीच्या खुणा खालच्या छतावर अजून ताज्या असतात, नेमकं कुठून आलं ते कळतं. दिवाळीला गावी गेलेली माणसं परत आली की नोव्हेंबरात काम धरायचं, म्हणजे कोब्याला पाणी मारायला आणि चाचणीला हवे तेवढे दिवस मिळतात.